अनुस्वार

खजुरी बाजारात नफीसभाई शिक्के करतात.
वकिलांचे, शाळांचे, 'सत्यप्रत'वाले,
दाताच्या एका डॉक्टरचा तर तिसऱ्यांदा, पदवी वाढली म्हणून.
मी म्हटलं, मराठीत एकच शब्द हवाय, अभिनंदन,
बोटभर लांब.
त्यांनी कागदावर उमटवून दाखवला
आणि स्वतःच कपाळावर हात मारला:
"बिंदी रह गई, बाई. बारीक थी, कटिंग में उड गई."
दुसरा करून देतो म्हणाले, मंगळवारी.
मंगळवारपर्यंत मला थांबायचं नव्हतं.

शाई मात्र त्यांनी अचूक दिली.
शेवेच्या पाकिटांवर तारीख मारतात ती,
कशावरही बसते, क्षणात वाळते,
आणि हाताला लागली की चार दिवस
आपलीही एक्स्पायरी दिसत राहते.

पारदर्शक शीटं घरातच होती, खोकाभर.
हे पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाले तेव्हा
प्रोजेक्टर तिथे राहिला, शीटं घरी आली,
बत्तीस वर्षांचं यंत्रशास्त्र, हिरव्या अक्षरात.
पहिली मी नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसली.
ती दुधाळली, मोतीबिंदू झाल्यासारखी.
दुसरी स्पिरिटनं. निघालं सगळं,
कोपऱ्यातलं 'घर्षण' तेवढं निघेना.
ह्यांनी चष्मा वर करून पाहिलं, म्हणाले,
"राहू दे. तिला कळेल."

तिला म्हणजे उल्काला, माझ्या धाकटीला.
अकरा वर्षांचा संसार, त्यातली चार कोर्टाच्या तारखांवर.
मागच्या गुरुवारी मेसेज आला बडोद्याहून:
निकाल लागला.
आणि त्याखाली,
सिलिंडर पण आला. माझ्या नावावर.

रतलामच्या काकूंनी फोन करून मलाच विचारलं,
अशा वेळी काय म्हणायचं असतं गं?
मी दुकानं पाहिली. वाढदिवस आहे, बारसं आहे,
'लवकर बरे व्हा' आहे, त्यावर थर्मामीटर घेतलेलं अस्वल.
हे नाही.

म्हणून रात्री जेवणाचं टेबल पुसून बसले.
आत जाड पांढरा कागद,
त्यावर खोडरबरात कोरलेला सिलिंडर, लाल.
तो थोडा आमच्या देवघरातल्या गणपतीसारखा झालाय,
दोनदा पाहावं लागतं.
कडेनं बागेचा नव्हे, बाग गावचा लाकडी ठसा,
एक पाकळी तुटकी.
वर झाकण शीटचं, आणि शीटवर शब्द.

कागदावर चुकलं तर कागद थोडं पिऊन घेतो.
ही काही पीत नाही.
श्वास धरायचा, शिक्का सरळ खाली, सरळ वर,
हात हलला की शब्दाला सावली फुटते.
तीन वाया गेल्या. चौथीवर बसलं:
अभिनदन.
शेजारी माझा अंगठा, रेषांसकट.
कार्ड उघडलं तर आतून शब्द उलटा.
मिटलं. पुन्हा उघडलं.
आम्ही सगळे बाहेरच्या बाजूनं वाचत आलो होतो,
दिवाळीला, लग्नाकार्यात, फोटोत,
छान दिसतंय म्हणत.

हे झोपले होते. मी आरशाशी गेले,
पाकिटातली सगळ्यात लहान टिकली काढली, मरून,
आणि न-वर लावली.

सोमवारी कुरिअरवाल्यानं विचारलं,
"अंदर क्या है, डॉक्यूमेंट?"
हो म्हटलं.

शनिवारी तिचा फोन.
कार्ड सिलिंडरवर उभं केलंय म्हणाली, टेबल नाही अजून.
'घर्षण' सापडलं म्हणून किती तरी वेळ हसली.
"आणि ताई, टिकली वाटेत निघाली होती गं.
पाकीट झटकलं तेव्हा मिळाली."
मग, लावलीस परत?
"न-वर नाही," म्हणाली.
"आरशाला लावून ठेवलीय.
आरसा कालच आणला."