पलीकडचा काठ

एकतीस वर्षं गगनबावड्याची एसटी चालवली,
शेजारनं कुंभी वाहते एवढंच ठाऊक.
डोळे सदा पुढच्या उसाच्या ट्रॉलीवर.

आता दस्तगीरनं माझ्या जुन्या सायकलीला
मागं मोठी चक्री बसवून दिलीय.
म्हणाला, चढाला पाय दुखला तर मला शिव्या घाला.

कळ्याच्या पुढं हमरस्ता सोडतो.
बंधाऱ्यावरनं सायकल हातात धरून जायचं.
बर्गे घातलेत. एका अंगाला पाणी तुंबून गप्प,
दुसऱ्या अंगाला फटीफटीतनं गळतंय.
इथनं ट्रॉली जात नाही,
एसटीचं तर नावच नको.

पलीकडं डांबर संपतं, परत लागतं.
चिपाडांचा वास, गुऱ्हाळाचा धूर,
अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेलं भात.
वळसा घालायचा, हे कुणी सांगावं लागत नाही.
मध्येच एक म्हैस उभी.
हॉर्न नाही माझ्याकडं.
तिचं आटोपेपर्यंत थांबतो.

चढ आला की डावा हात दुसरा गिअर शोधतो,
अजून.
मग उतरून ढकलतो. लाज कुणाची?

वाडीतली एक बाई घागर खाली ठेवून विचारते,
"कुठलं पावणं?"
"कोल्हापूरचा."
"मग सायकलीवर? गाडी चुकली व्हय?"
व्हय, म्हटलं. चुकलीच.

तेवढ्यात समोरच्या काठावरनं
साडेदहाची बावडा जाते, झाडांआड लाल.
आवाज नदीपर्यंत येतो, पुढं नाही.
मी हात केला.
चालवणाऱ्यानं इकडं बघितलं नाही.
बघणार कसा,
पुढं ट्रॉली असेल.