साडेतीन तारे

मुहर्रकमध्ये ऑगस्टात भिंतीला टेकता येत नाही.
मी शिडीला पाठ लावून उभा राहतो
आणि एका कानात इअरफोनचं बोंड खुपसून नवा अल्बम ऐकतो.
दुसरा कान पगाराचा. तो युनिटकडे.

बँडचं नाव ममनूअ अल-वुकूफ,
म्हणजे इथे गाडी उभी करू नये.
मरियम गाते. बेसवर रोडेल,
दिवसा विमानतळावर सामान चढवतो.
ड्रमवर शिजू, त्याच्या बापाचं आमच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान.

विशाखाताईंना त्रैमासिकासाठी दीडशे शब्द हवेत.
"परकार, असल्या संगीतावर तुमच्याइतकं सरळ कुणी लिहीत नाही."
मानधन नाही, अंक मिळतो.
तोही तीन महिन्यांनी, कडा पिवळ्या होऊन.

तर, तिसरं गाणं.
आधी काहीच नाही. मग खालून एक घरघर उठते,
काळी दोनच्या जराशी खाली,
आणि शेवटपर्यंत जागची हलत नाही.
तिच्यावरून मरियमचा आवाज फिरतो,
तव्यातल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरावा तसा,
बोटं न भाजता.

मनामाच्या एका समीक्षकाने लिहिलं :
मोती काढणाऱ्या पूर्वजांनी तळाशी रोखून धरलेला श्वास.
दुबईच्या एकाने : परक्या मुलखातल्या एकटेपणाचा नाद.
मी दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा शिडीवरच हसू फुटलं.
बेअरिंग गेलंय.
दीड टनाचं विंडो युनिट, पंख्याच्या मोटारीचं मागचं बेअरिंग,
शिवाय जाळीचा एक स्क्रू ढिला,
दर सातव्या मात्रेला टिचकी देतो.

हे मी छापायला दिलं नाही.
"घरघर प्रामाणिक आहे," एवढंच लिहिलं. चार तारे.
इस्त्रीच्या वाफेत शिजूला मराठीतून वाचून दाखवलं.
त्याला एकच शब्द आवडला.
घरघर, घरघर, म्हणत त्याने कॉलरी मोडल्या.

मे महिन्यात रोडेलचा फोन :
चाचा, खोलीतला एसी बघता का, फार आवाज करतो.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, खाली एक गालिचा,
आणि खिडकीत तो. मी ओळखलं त्याला.
वीस मिनिटं. नवं बेअरिंग, स्क्रू आवळला, पैसे घेतले नाहीत.
बटण दाबलं तेव्हा थंड हवा आली, बाकी काही आलं नाही.
तिघांनी एकमेकांकडे बघितलं.
मरियम शुक्रन म्हणाली, फार हळू,
जणू कुणी आतल्या खोलीत झोपलंय.

दुसरा अल्बम डिसेंबरात आला.
मनामावाला म्हणतो, परिपक्व. दुबईवाला, निर्दोष.
निर्दोष आहेच.
एकेक वाद्य वेगळं दिसतं,
पाहुण्यांसाठी राखलेल्या काचेच्या पेल्यांसारखं.
मरियम सांभाळून गाते.
पूर्वी तिला कशाच्या तरी वर चढून गावं लागायचं.

"पहिल्यातली जोखीम इथे दिसत नाही," मी लिहिलं.
आणि खोडलं.
ती जोखीम माझ्या पेटीत आहे,
पान्यांखाली, ग्रीसच्या चिंधीत गुंडाळलेली.
बोटाने फिरवली तर अजून खरखरते.
परत बसवता येईल. पण मग ती
मुद्दाम वाजेल, आणि मुद्दाम वाजलेलं
माझ्या पगाराच्या कानालाही कळतं.

साडेतीन दिले.
विशाखाताईंनी विचारलं, अर्धा तारा कशाचा कापला,
गाणाऱ्या मुलीचा की ड्रमवाल्याचा?
मिस्त्रीचा, मी कळवलं.
त्यांनी ते मुद्रणदोष समजून दुरुस्त केलं.

काल शिजू दुकानातून ओरडला :
चाचा, गच्चीवरची पाण्याची मोटर खडखडतेय!
मी पेटी उचलली.
आत्ता नको, म्हणाला. गुरुवारनंतर या.