ओरडून सांगितलेला भाव

बुराओच्या बाजारात भाव कुणी तोंडाने बोलत नसे.
शिरे दलाल खांद्यावरची शाल आमच्या हातांवर टाकायचा
आणि तिच्या अंधारात त्याची बोटं माझी बोटं चाचपायची.
एक बोट दाबलं की दहा डॉलर,
अख्खी मूठ म्हणजे पन्नास,
तळव्यावर नख ओढलं की वर पाच.
वरून आम्ही भलतंच बोलत राहायचो,
तुमच्याकडे गवत कसंय,
थोरलीचं बाळंतपण नीट झालं का.
शेजारच्याला पत्ता लागायचा नाही
मी खिसा भरून परततोय की हात हलवत.

यंदा फाटकापाशी दोर बांधलाय.
पोलीस म्हणतो, हाताला हात लावायचा नाही,
सहा पावलं लांब,
जे काय ते बोलून करा.

बोलून.

एकतीस मेंढ्या आहेत माझ्या. डोकी काळी, बाकी अंग चुना फासल्यासारखं.
शाबान महिन्यापासून मी त्यांना बाभळीच्या शेंगा
हाताने वेचून घातल्या.
पाठीवर निर्यातवाल्याने लाल ठिपकाही मारून ठेवलाय:
आधी बर्बेराची गोदी, मग जहाज, मग जेद्दा,
मग कुठल्या कुठल्या हाजींच्या नावाने सुरी.
पण यंदा हजला बाहेरचं कुणी येणार नाही.
रेडिओने सांगितलं, फोनने सांगितलं,
शेवटी निर्यातवाल्याचा भाचा आला
आणि बुटांवरची धूळ झटकत म्हणाला,
रंगाचे पैसे मागत नाही, तेवढं तरी माना.

लाखो माणसं आपापल्या घरी थांबली
म्हणून या एकतीस जणी इथे उन्हात उभ्या.
रोज पाणी विकत.
पाणीवाला भाव उतरवत नाही.
माझ्या गाढवालाही तहान लागते, म्हणतो.
ते खरंच आहे.

मग तोंडाला फडकं बांधलेला शिरे
सहा पावलांवरून ओरडला:
"चाळीस!"

सगळ्या बाजाराने ऐकलं.
उंटवाल्यांनी, चहा विकणाऱ्या बाईने,
ज्याला मी उसने देईन म्हणालो होतो त्या मावसभावाने,
आणि नऊ वर्षांच्या इदिलने,
जी पहिल्यांदाच माझ्यासोबत बाजार बघायला आली होती.
"आबो," ती म्हणाली, "चाळीस म्हणजे थोडे का?"

इतकी वर्षं मला वाटायचं
शाल दलालांच्या लबाडीसाठी असते.
झाकली मूठ झाकलेली होती
तोवर तिच्यात काय होतं ते माझं मला ठाऊक.

शिरेही खाली बघत होता.
मग त्याने शाल काढली,
एक टोक स्वतः धरलं, दुसरं माझ्याकडे भिरकावलं.
पुरेना.
मी डोक्याचं फडकं सोडून तिला गाठ मारली.
एक हिसका. दुसरा. तिसरा. चौथा.
मग थांबला, आणि कापड नुसतं शहारलं.
पंचेचाळीस.
पोलीस बघत होता. बोलला नाही काही.
हाताला हात कुठे लागला होता?

चार दिल्या.
पीठ, तेल, साखर, पाणीवाल्याचे मागचे.
पैसे फोनमध्ये आले, टिंग करून.
मोजायला बोटं लागली नाहीत.

सत्तावीस घेऊन परत निघालो.
पुढे इदिल, मागे लाल ठिपके, हलत, धुळीत विझत.
हा रंग कधी जाणार, तिने विचारलं.
पाऊस आला की.
आणि पाऊस कधी येणार?

मी तिचा हात माझ्या फडक्याखाली घेतला.
एक बोट दाबलं, जरा थांबून दुसरं.
वरून म्हणालो,
ती बघ, शेवटची लंगडतेय,
खुरात काटा असेल.