सोहारची पेरणी

सोहारमध्ये पेरणी ऑक्टोबरात.
देवगडला फोन केला की आत्या हसते,
"भात कापायच्या वेळी तू बी लावतोस?"
लावतो. काय करू, इथली माती
उन्हाळाभर तव्यावरची, हात लावू देत नाही.

शफीकुलने बुरैमीहून आणलेलं लेंडीखत,
एसीच्या नळीखाली बादली,
एवढ्यावर मेथी वर आली चौथ्या दिवशी.
वांगी रुसली. मुळा निघाला जहाल,
तो खलफानच्या शेळ्यांनी आवडीने खाल्ला.

दुधीला फुलं येतात संध्याकाळची
आणि चौथ्या मजल्यावर पतंग चढत नाहीत.
म्हणून रात्रपाळीला निघताना
लेकीच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन
मीच फिरतो, नर कोण, मादी कोण बघत,
हेल्मेट घातलेला भुंगा.

पडवळ सरळ वाढावं म्हणून
गावी त्याच्या टोकाला खडा बांधतात.
मी प्लँटमधला गंजका नट बांधला.
सरळ आलं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, दोन हात लांब.
यामिनी चिरताना म्हणाली, लोखंडाचा वास येतोय.
येत नव्हता.

मे लागला की वेलींचा दोन दिवसांत कागद.
कुंड्या आत ओढतो,
बिया औषधाच्या बाटलीत, बाटली फ्रिजमध्ये
दह्याच्या मागे.

एक लिंबू तेवढं बाहेर राहतं,
खलफानच्या आईने दिलेलं.
तिने बजावलंय, रोज पाणी घालू नकोस,
अधूनमधून
त्याला तहान लागू दे.