जागा शिल्लक नाही

उसिस्याच्या काठावर, मासे वाळत घालायच्या माच्यांमागे
माझं दुकान. छपरावर दोन सौर पाट्या,
आत एक फळी, फळीवर सोळा फोन,
प्रत्येकाच्या पाठीला चिकटपट्टी, पट्टीवर नाव.
एका फोनचे दोनशे क्वाचा. ढग असले तर उद्या या.

सोळा जणांची आयुष्यं दिवसभर माझ्यापुढे पालथी पडलेली.
मी उलटून बघत नाही.
वाजलं काही, तर नजर जाते, एवढंच.

म्हातारा न्यिरोंगो आला भर दुपारी.
फोन शर्टाच्या आत, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत,
पिशव्यांना सरोवराचा वास.
"टोवेरा, म्वेरा सुटायचे दिवस आले.
वारा आधी सांगणारं ते ॲप घाल ह्यात.
गेल्या वर्षी त्या दोघा भावांना कुणी सांगितलं नव्हतं."

घालायला गेले. फोन म्हणाला: जागा शिल्लक नाही.

तो बराच वेळ माच्यांकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "न्यागोंद्वेला काढ."

न्यागोंद्वे त्याची बायको. दोन पावसाळे झाले तिला जाऊन.
तिचे आवाजी निरोप, एकोणीस, एकाखाली एक:
येताना मीठ आण.
शेळी सुटली.
फोन उचल.
उचल की.
"तीच भरून राहिलीय ह्यात," तो म्हणाला, "मला ठाऊक आहे."

मी उघडून पाहिलं.
एकोणीस निरोप मिळून एक एमबीसुद्धा भरत नव्हते.
"एवढंच?"
"आवाज हलका असतो, आजोबा."
"ती नव्हती," तो म्हणाला. जरा रागानंच.

मग मी बसले निवडायला,
जाळ्यातून शेवाळ वेगळं करतात तशी.
विजेरीची तीन ॲप्स. विजेरी तर फोनला जन्मतःच असते.
"वेझीनं घातली," नातवावर ढकलून म्हातारा मोकळा.
त्याच वेझीचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ,
अर्ध्या घरात पाय पसरून बसलेला.
तळहाताचा फोटो काढून भविष्य सांगणारं एक
(त्यात म्हाताऱ्याला परदेशप्रवास होता).
कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ,
तोच तो सात वेळा, सात जणांनी पाठवलेला.
आणि बॅटरी वाचवणारं एक ॲप,
जे बॅटरी वाचवायला रात्रंदिवस जागं राहत होतं.
कुंपण शेत खातं हे ऐकून होते,
किती खातं ते आकड्यात आज पाहिलं: एकोणतीस टक्के.

एकेकाला निरोप दिला. वारा सांगणारं आत घेतलं.
पडद्याचा उजेड उतरवला, लोकेशन मिटवलं,
म्हटलं, "पाण्यावर असाल तेव्हा डेटा बंद ठेवा,
म्हणजे दोन रात्री पुरेल."
संध्याकाळी शंभर टक्के करून हातात दिला.
त्यानं तो पुन्हा दोन पिशव्यांत बांधला, लहान मुलाला गुंडाळावं तसा,
आणि दोन गाठी मारल्या.

सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात उभा.
रात्री गेलेल्या होड्या उसिपानं भरून आल्या होत्या,
माच्या चांदीसारख्या लखलखत होत्या,
बाया ओरडून भाव सांगत होत्या,
आणि न्यिरोंगोचे हात कोरडे.

"तुझं ॲप म्हणालं, म्वेरा येणार. मी होडी काढली नाही.
रात्रभर पान हललं नाही."

मी काय बोलावं ते जुळवत होते,
तोवर त्यानं गाठी सोडल्या, फोन फळीवर ठेवला.
काळा ठिक्कर. शून्य.

"काल तर भरून दिला होता, आजोबा.
घरी बसून एवढी बॅटरी कशी संपली?"

त्यानं दोनशे क्वाचा मोजले, पुन्हा एकदा मोजले,
माझ्या हातावर ठेवले.
"मीठ आण म्हणत होती," म्हणाला,
आणि बाजाराच्या दिशेनं चालू लागला.