टाचेतला कप्पा

लोन पाइनच्या उन्हात
आमचा रेल्वेचा डबा होता फक्त अर्धा.
दोघं फळी घालून तो हलवायचे,
तिसरा झुडूप उचलून खिडकीमागून पळायचा,
आणि दर बुधवारी रात्री घराघरात वाटायचं
की सरकारी गुप्तहेर सुसाट निघालाय.

मी टॅल्बट, सामानवाला.
बाहीतून सुळकन येणारं पिस्तूल माझं,
बिलियर्डच्या चेंडूतला बॉम्ब माझा
(एकदा खलनायकाची मिशीच पेटली; खोटी होती म्हणून निभावलं),
आणि बुटाच्या टाचेतला कप्पाही माझाच.
राष्ट्राध्यक्षांचा खलिता त्यात मावायचा,
चार घड्या घालून.

त्या दिवशी खलिता घोड्याने खाल्ला.
मुरलेला नट तो, कागद दिसला की सोडायचा नाही.
घाईत मी खिशातला हाताला लागला तो कागद कोंबला.

कॅमेरा चालू. डेन्टन होइलने टाच फिरवली,
आणि घोगऱ्या आवाजात वाचलं:
"मार्गिट, शुक्रवारी कॉफी?
जमत नसेल तर हे जाळून टाक."

चिडीचूप.
मग खलनायक, नाटकात हाडं झिजवलेला,
पापणी न लववता म्हणाला,
"ही सांकेतिक भाषा
अख्ख्या टेक्ससात कुणाला उकलायची नाही!"
कट म्हणायचं दिग्दर्शकाला सुचलंच नाही.
तसंच गेलं प्रसारणात.

कपडेपटाच्या तंबूत मार्गिट
ओठांत टाचण्या धरून
हेराच्या कोटाला अस्तर लावत होती.
मान वर केली नाही.

शुक्रवारी बूट पॉलिशला घेतले.
सवयीने टाच फिरवली.
आत तोच कागद, पाचवी घडी घातलेला,
आणि आगपेटीतली एक काडी,
न ओढलेली.