वर्णन, मसुदा सातवा

बाणेरला, चौथ्या मजल्यावर, माझं काम एवढंच:
अवजारांच्या गळ्यात वाक्यं अडकवणं.
काम_जोड. काम_ढकल. यादी_दाखव. आठवण_काढ.
ज्याला ती वापरायची आहेत
त्याने बटण पाहिलेलं नाही, पुणं पाहिलेलं नाही.
मी लिहिलेल्या दोन ओळी वाचून तो ठरवतो
कुठलं उचलायचं.

पहिला मसुदा चहा निवायच्या आत झाला.
"आठवण_काढ: आठवण काढण्यासाठी."
शेजारून अन्वर तांबोळीने वाचलं, म्हणाला,
वा. दार कशासाठी? दारासाठी.
मी हसले, आणि तसंच पाठवलं.
शुक्रवार होता.

सोमवारी बिबवेवाडीहून तक्रार.
कुमुदिनी खरवंडीकर, वय चौऱ्याहत्तर,
रात्री झोपताना फोनला म्हणाल्या होत्या,
"परवा शरयूची आठवण काढायची आहे रे."
त्याने ऐकलं. तत्परतेने शोधलं.
शरयू नावाच्या अकरा नोंदी, अकरा वर्षांच्या,
एकेक करून काढल्या
आणि नम्रपणे लिहिलं:
शरयूची आठवण काढली आहे.

वाक्यात चूक सापडेना.
तीनदा मनात वाचलं, मग मोठ्याने.
व्याकरण त्याच्याच बाजूने होतं.
शरयू कोण, ते तक्रारीत नव्हतं.

मग जुन्या नोंदी चाळत बसले, आणि स्वतःच्या भाषेची भीती वाटू लागली.
धायरीच्या एकाने सांगितलं होतं,
शनिवारी नव्या गाडीपुढे नारळ वाढवायचाय.
त्याने वाण्याच्या यादीत एकाचे दोन केले.
कुणी म्हणालं परवा,
तर तो उलटा चालत गेला,
होऊन गेलेल्या दिवसाला गजर लावत बसला.
आपण हे शब्द इतकी वर्षं
न अडखळता कसे वापरतो?

रास्ता पेठेत अण्णा कंपाउंडर होते.
पुडीवर लिहायचे: सकाळी एक. जेवून.
आणि खाली, दुप्पट मोठ्या अक्षरात:
चक्कर आली तर घेऊ नये, येऊन भेटावे.
मी विचारलं होतं, डॉक्टर सांगतातच ना हे?
सांगतात, दवाखान्यात, म्हणाले.
चक्कर घरी येते.

सातवा मसुदा असा.
आठवण_काढ हे नाव रद्द. नवं नाव नोंद_पुसून_टाक.
"ठरवलेली एक नोंद कायमची पुसते.
'पुस', 'नको', 'रद्द कर' असं स्पष्ट म्हटलं तरच वापरावे.
माणसाच्या नावापुढे 'आठवण काढ' आलं
तर हे अवजार उचलू नये,
तिथे काहीच पुसायचं नसतं.
'परवा' आलं तर तारीख विचारावी.
एकीहून जास्त नोंदी सापडल्या तर थांबावे.
शंका आली तर विचारावे. विचारल्याने कुणी रागावत नाही."
शेवटचं वाक्य निमिषने कापलं.
पुण्यात आपण ही हमी देऊ शकत नाही, म्हणाला.

अन्वर दोन रात्री बॅकअप उपसत बसला. दहा सापडल्या.
मी फोन केला.
कुमुदिनीबाई म्हणाल्या, वाचा बरं.
मी वाचल्या. "पेढे नकोत, तिला खरवस आवडायचा."
"यंदा तळजाईला एकटीच गेले. बाक रंगवलाय, हिरवा."
"आज विसरले होते. दुपारी चारला आठवलं."
दहावी संपल्यावर पलीकडे बराच वेळ
पंख्याचा आवाज.
मग म्हणाल्या, राहिली ती मला पाठ आहे.
आणि सांगितली नाही.

साडेनऊ वाजले होते. पिशवी खांद्याला लावून
अन्वरला म्हटलं, येते.
हं, म्हणाला तो, पडद्यावरून नजर न काढता,
आणि पायाने माझी खुर्ची
टेबलाखाली सरकवली.